दगड कोरडा करून

ग्राइंडिंग मशीनचा दगड कधी ओला बंद करू नये. नोकरीत मी जे शिकलो त्यातलं हे पहिलं, आणि आता वाटतं, शेवटचंही हेच.

आमच्या वसाहतीच्या वाचनालयातल्या मॅडम म्हणाल्या, "काका, दिवाळी अंक काढतोय, तुमच्या कंपनीबद्दल लिहा." मी म्हटलं, मॅडम, माझी शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. शाळेला त्याचं काही वाटलं नसावं. त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." म्हणून बोलतो तसं लिहितो आहे. चुका त्यांनी काढल्या असतील. उरल्या असतील त्या माझ्या.

आधी दगडाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या सेक्शनला सेंटरलेस ग्राइंडिंग म्हणायचे. गाड्यांना लागणाऱ्या पोलादी पिना आम्ही गुळगुळीत करायचो. करंगळीएवढ्या पिना, पण केसाच्या जाडीएवढाही फरक चालत नाही. मशीनमध्ये दोन चाकं असतात. एक मोठं, घासणारं, त्यालाच आम्ही दगड म्हणायचो. समोर एक छोटं, पिनेला फिरवणारं. मध्ये एक पातं, त्यावर पीन नुसती टेकलेली असते. तिला कुणीही धरलेलं नसतं. एका बाजूनं सरकवायची, दोन चाकांच्या मधून फिरत फिरत ती दुसऱ्या बाजूनं चकचकीत होऊन बाहेर पडते. वरून दुधासारख्या पांढऱ्या कूलंटची धार चालू असते, ती नसली तर पीन जळते.

आता दगड म्हटलं तरी तो आतून पावासारखा असतो, कूलंट पितो. काम संपलं आणि ओला असतानाच बंद केला, तर सगळं पाणी खालच्या बाजूला उतरतं. एक बाजू जड होते. मग पुन्हा चालू केला की थडथडतो, आणि पिनेवर बारीक लाटा उठतात. डोळ्यांना दिसत नाहीत, नखाला लागतात. म्हणून सुट्टीच्या आधी कूलंट बंद करायचं आणि दगड नुसता फिरत ठेवायचा. सगळं पाणी झटकून तो हलका झाला की मग बटण दाबायचं. घरी जायची घाई असते, तेव्हाच हे करायचं असतं. म्हणून बरेच जण करत नाहीत.

मला हे अण्णांनी शिकवलं. अण्णा सटाण्याकडचे. मी हिंगोलीकडचा, एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर या कंपनीच्या शेडमधली फरशी करायला आलो होतो. फरशी झाली, टोळी गावी गेली, मी राहिलो. झाडू मारायला ठेवलं मला. अण्णांच्या मशीनखालचा गाळ काढायचं काम माझं. एक दिवस त्यांनी माझा हात धरून पिनेवर ठेवला. "नख फिरव. काय लागस?" मी म्हटलं, काही नाही. "आता ही." दुसरीवर खरखर लागली. "हाताला कळस तुले," अण्णा म्हणाले, "झाडू ठेव." एवढीच माझी मुलाखत. पुढं त्यांनी साहेबांना सांगून मला मशीनवर घेतलं, कायम केलं. नाशिकमध्ये माझं घर झालं, लग्न झालं, मुलगी शिकली, ते सगळं त्या एका नखावर. इतक्या लांब येऊन कुणी विचारलं नसतं मला. हे मी विसरत नाही.

कंपनीत माझं नाव कुणी घ्यायचं नाही. सगळे 'हिंगोली' म्हणायचे. हे निकमांनी पाडलेलं. निकम कळवणचे, युनियनचे. आवाज मोठा, जीभ त्याहून मोठी.

संप झाला तो करारावरून. जुना करार कधीच संपला होता, नवा होत नव्हता, आणि आमचं काम हळूहळू कंपनीच्या परराज्यातल्या प्लँटकडे सरकत होतं. एके दुपारी निकम सेक्शनमध्ये आले आणि ओरडले, "हाय तसं सोडा! हात वर!" सगळ्यांनी बटणं दाबली. शेड एकदम गप्प झाली. फक्त आमचं मशीन चालू. अण्णांनी कूलंट बंद केलं होतं आणि दगड फिरत ठेवून हाताची घडी घालून उभे होते.

"अण्णा, आता म्हटलं ना!"

"ऐकलं. पाणी झटकू दे."

"अहो, संप हाय का सासुरवाडीला जायची तयारी?" निकम चिडले. "कंपनीचे जावई तुम्ही. लय पुळका."

अण्णा हलले नाहीत. सगळे दारात थांबून बघत होते. दगड हलका झाल्यावर त्यांनी बटण दाबलं, तो थांबेपर्यंत उभे राहिले, मशीनच्या बेडवर तेलाचा बोळा फिरवला आणि निकमांना म्हणाले, "संप तुना बी शे, मना बी शे. दगडाचा नाही."

संपाबद्दल फार लिहीत नाही. गेटसमोर ताडपत्रीचा मांडव, सकाळी घोषणा, दुपारी पत्ते, संध्याकाळी अफवा. सुरुवातीला घरून डबे यायचे, मग एका डब्यात दोघं, मग चहाच. मी पिंपळगावकडे द्राक्षाच्या छाटणीला जायचो, लासलगावला कांदा निवडायला बसायचो. बायकोचं, सुमनचं, शिलाई मशीन दिवसभर चालायचं. तिला मी कधी विचारलं नाही की कंटाळलीस का. उत्तराची भीती वाटायची.

त्या मांडवातच अण्णा निवृत्त झाले.

आमच्याकडे एक रीत होती. माणूस निवृत्त व्हायच्या दिवशी मशीनला हार, नारळ, पेढे, आणि त्या माणसानं शेवटचा जॉब, म्हणजे शेवटचा नग, स्वतः करायचा. तो जॉब कंपनीत जमा होत नसे. रुमालात गुंडाळून त्याला घरी द्यायचे. किती तरी घरांत देवाजवळ असे गिअर, बुश, पिना ठेवलेल्या मी बघितल्यात. अण्णांचं वय संप चालू असताना भरलं. त्या दिवशी ते नेहमीसारखे मांडवात बसले होते. निकमांनी भाषणात त्यांचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या, कुणीतरी गेटलाच नारळ फोडला. पण मशीन आत होतं आणि अण्णा बाहेर. त्यांना पीन मिळाली नाही. दुसऱ्या आठवड्यात ते सटाण्याला निघून गेले.

संप मिटला म्हणजे काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. थोडं त्यांनी दिलं, बरंच आपण सोडलं. हमीपत्रावर सह्या केल्या आणि आत गेलो.

परतल्याची सकाळ विचित्र होती. आनंद करावा की नाही, कुणालाच कळत नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर संपाच्याच महिन्यावर थांबलेलं, आणि कुणी पान उलटेना. लॉकरमध्ये एकाचा डबा राहिला होता. उघडल्याबरोबर सगळे नाक धरून पळाले. निकम म्हणाले, "पळू नका रे! आपला बोनस हाय तो, वाटून घ्या!" तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले.

मी मशीनजवळ गेलो. कव्हरवर कबुतरांची घाण होती. साफ केलं, तेल घातलं, हात जोडले, बटण दाबलं. दगड थडथडला नाही. एकसारखा आवाज धरून फिरू लागला. शेजारच्या मशीनवरचे पोरगे दिवसभर थडथड काढत बसले होते. त्यांचा दगड संपाच्या दिवशी ओलाच बंद झाला होता. मी जेवणाच्या सुट्टीत अण्णांना फोन लावला.

"दगड कसा शे?"

"नीट शे, अण्णा."

मग म्हणाले, "मी जावई ना कंपनीचा!" आणि हसले.

त्या दिवशी निघालेली पहिली चांगली पीन मी बाजूला ठेवली. सुपरवायझरला विचारून. अण्णांची.

पण काम तसं उरलंच नव्हतं. थोड्याच दिवसांत आमच्या प्लँटच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. हे साहेब भले माणूस. माझ्या मुलीच्या अॅडमिशनच्या वेळी त्यांनी स्वतः फोन केला होता. ते म्हणाले, वरून ठरलंय, प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायचा विभाग, बंद होणार. "ग्राइंडिंग सेक्शन मात्र ठेवायचा माझा प्रयत्न आहे. बाहेरचं काम मिळालं तर तेवढा चालू शकेल. शब्द देत नाही, प्रयत्न करतो."

प्रेसवाले मान खाली घालून उठले. आम्ही ग्राइंडिंगवाले त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, कारण आमच्या चेहऱ्यावर आशा होती आणि त्याची लाज वाटत होती. माझं तर सगळं त्या एका 'तर'वर टांगलं होतं. या वयात, सातवी शिकलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? माझ्याकडे कागद नाही. माझं प्रमाणपत्र म्हणजे ते मशीन. ते चालू असेपर्यंत मी कुणीतरी आहे.

मग एके दिवशी साहेब सेक्शनमधून जाता जाता म्हणाले, "बुधवारी काही लोक येतील शेड बघायला. जरा आवरून ठेवा." एवढंच. आणि पुढं गेले.

आम्हाला तेवढं पुरे होतं. बाहेरची माणसं शेडमध्ये येतात ती गिऱ्हाइकं, हे आमच्या अंगात भिनलेलं. गिऱ्हाईक यायचं म्हटलं की काय करायचं, हे कुणी सांगावं लागत नसे. फरशीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवायचे. मशीन रॉकेलनं पुसायचं. पूर्वी एक गिऱ्हाईक यायचे, खिशातून पांढरा रुमाल काढून मशीनच्या मागच्या बाजूला, जिथं कुणाचा हात जात नाही तिथं फिरवायचे. रुमाल मळला की ऑर्डर कमी. तेव्हापासून आम्ही मशीनची मागची बाजू आधी पुसायचो.

दोन दिवस सेक्शननं जीव ओतून काम केलं. कुणाला सांगायचं कारणच नव्हतं. प्रेस शॉपमधलेही दोघे हात लावायला आले. निकम स्वतः ब्रश घेऊन पट्टे मारत होते. मी म्हटलं, "निकम, तुमचे पट्टे वाकडे." ते म्हणाले, "हिंगोली, माझी लाइन कधी सरळ होती का? युनियन काय उगाच चालवली?" बुधवारी सुमननं माझा गणवेश कडक इस्त्री करून दिला. निघताना म्हणाली, "नीट बोला. घाबरल्यावर तुमचा आवाज बारीक होतो."

तिघं आले. पुढचे रमणीकभाई, पांढरा शर्ट, पायात चपला, हिंदी बोलणारे. बरोबर दोघं. साहेब त्यांना प्रेस शॉपकडे घेऊन चालले होते. वाटेत आमचं मशीन लागलं. ते तसेच पुढं गेले असते. पण मी पुढं झालो. आवाज बारीक होऊ न देता म्हणालो, "साहेब, चलाके दिखाता हूँ."

आमचे साहेब म्हणाले, "राहू द्या, केशवराव. एवढं नको."

मला वाटलं, साहेब संकोचानं बोलताहेत. आपल्या घरचं कौतुक आपण कसं करायचं, तसं. म्हणून मला आणखी चेव आला. मशीन चालू केलं. पिना सरकवल्या. एकामागून एक त्या बाहेर पडत होत्या आणि प्रत्येकीवर ट्यूबलाइटची रेघ लखलखत होती. रमणीकभाई थांबले. मशीनभोवती फिरले. बोटाच्या पेरानं बेडवर ठोकून पाहिलं. वाकून खाली बघितलं. मागच्या बाजूची पितळी पाटी वाचली. पायाचे बोल्ट बघितले. मी सगळं दाखवत होतो. दगड बदलतो कसा, तेल कुठून जातं, कुठला भाग कधी नवा घातला. एक एक गोष्ट. आणि साहेब चष्मा काढून पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"बहोत अच्छा रखा है," रमणीकभाई म्हणाले.

त्या दिवशी कँटीनमध्ये निकमांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला. "आज हिंगोलीनं सेक्शन वाचवला! उद्यापासून याला नावानं हाक मारायची!" घरी सुमननं शिरा केला.

पुढच्या सुट्टीला मी एसटीनं सटाण्याला गेलो. अण्णांना पीन द्यायची होती. ओट्यावर बसले होते. मी रुमाल सोडून पीन त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग ती मुठीत धरून ठेवली.

मी आनंदानं बुधवारचं सगळं सांगितलं. अण्णा ऐकत होते. मग मूठ उघडून त्यांनी पीन माझ्यासमोर धरली.

"त्यासनी ही अशी हातात घिदी का?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"नख फिरवलं? माप घेतलं?"

"नाही अण्णा. मशीन बघितलं. पाटी वाचली. बोल्ट…"

मी बोलता बोलता थांबलो नाही, पण आवाज बारीक झाला. अण्णांनी पीन खिशात ठेवली आणि आत हाक मारली, "केशव आला शे, चहा टाका." त्यानंतर ते कांद्याबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. मशीनचा विषय त्यांनी काढला नाही. निघताना एसटीपर्यंत सोडायला आले. इतकी वर्षं सणासुदीला मी त्यांच्या गावी गेलो, एसटीपर्यंत कधी आले नव्हते.

परतीच्या वाटेवर देवळा गाव मागे पडलं आणि मला उमगलं. ज्याला पिना हव्यात तो पीन हातात घेतो. ज्याला मशीनच विकत न्यायचं तो मशीनला ठोकून बघतो. एवढी साधी गोष्ट, आणि माझ्या जागी कुणीही असता तर बघता बघता कळली असती. पण मी बघतच नव्हतो. मी दाखवत होतो.

साहेबांना जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना खरं सांगावं लागलं असतं. नोटीस लागली ती आठवड्याभरानं, संपूर्ण प्लँट बंद होण्याची.

आता मी नाशिकमध्येच अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान शेडमध्ये जातो, ठेक्यावर. काम असेल तेव्हा बोलावतात. मालक पोरगा चांगला आहे, मला काका म्हणतो. त्याच्याकडचं मशीन दुसरं, पडद्यावर आकडे दाखवणारं. मी माल भरतो आणि काढतो. त्याबद्दल तक्रार नाही. बोलावतो तरी. सुमनचं शिलाई मशीन अजून दिवसभर चालतं, आणि आता मी विचारतो तिला, कंटाळलीस का. ती म्हणते, "तुम्ही दोरा ओवून द्या, बास."

पण दगडाचा शेवटचा दिवस सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

क्रेन आणि ट्रेलर सकाळीच येऊन उभे होते. साहेबांनी मला निरोप पाठवला होता, की मशीन उतरवताना कुणीतरी जाणकार पाहिजे. मी जाणार नाही असं घरी म्हणालो होतो. मग अण्णांचा फोन आला.

"आज नेतात म्हणे."

"हो."

"मग जाय. सोडण्याआधी एकदा चालव, आणि कोरडा करून दे. तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी थडथडला तर तिथले लोक म्हणतील, नाशिकवाल्यासनी कसं ठेवलं व्हतं."

म्हणून गेलो. गणवेश घालावा की नाही, कळेना. घातला.

शेड रिकामी होती. प्रेस आधीच गेल्या होत्या, त्यांच्या जागी फरशीला खड्डे आणि तेलाचे डाग. ती फरशी आमच्या टोळीनं केलेली. पिवळे पट्टे मात्र ताजे होते, निकमांचे, वाकडे. निकमही आले होते, दाराशी उभे. रमणीकभाईंनी मला ओळखलं. खुशीत येऊन हात हातात घेतला.

"काका, एक बात बोलूँ? हम तो सिर्फ प्रेस देखने आए थे. ग्राइंडर हमारे हिसाब में था ही नहीं. आपने चलाके दिखाया, तभी सोचा, इसको भी ले चलते हैं."

कौतुक होतं ते. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. मी "अच्छा" म्हणालो.

साथीदार मला सांगतात, तू दाखवलं नसतंस तरी कंपनी बंद झालीच असती. बाहेरचं काम मिळणारच नव्हतं, साहेबांनाही ते ठाऊक होतं. असेल तसं. मी तो बुधवार मनात पुन्हा पुन्हा चालवून बघतो, आणि दर वेळी ते तिघं प्रेसकडे चाललेले असतात, आणि दर वेळी मी पुढं होतो.

मशीन चालू केलं. पिना संपलेल्या होत्या, एकही उरली नव्हती. कूलंट थोडं सोडलं, दगडाला जरा तोंड धुऊ दिलं, मग बंद केलं आणि उभा राहिलो. रमणीकभाईंचा फिटर बोल्ट सोडायचे पाने घेऊन खोळंबला होता. म्हणाला, "काका, दगड तो वैसे भी निकालके ही ले जाएँगे. टाइम क्यूँ बिगाड़ते हो?"

दारातून निकम पुढं आले. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्यांनी फिटरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब रे बाबा. पाणी झटकू दे."

शेडमध्ये तेवढा एकच आवाज होता. कव्हरच्या कडेनं थेंब उडायचे, मग कमी उडायचे, मग नुसतं धुकं, मग तेही नाही. मी बटण दाबलं. दगड बटणानं लगेच थांबत नाही. वजन असतं त्याला, बराच वेळ आपल्याच जोरावर फिरत राहतो. आवाज खाली खाली येत गेला. आम्ही सगळे उभे होतो, फिटरसुद्धा.

थांबला. मी कव्हर उघडून खालच्या बाजूला हात लावून पाहिला.

कोरडा होता.